भिंत वाळली का?

दसरा झाला की घराघरांतून शेडकार्डं फिरायला लागतात. हॉलच्या तीन भिंतींना फिका रंग आणि सोफ्यामागच्या किंवा टीव्हीमागच्या चौथ्या भिंतीला वॉलपेपर, ही मांडणी आता पुण्या-मुंबईइतकीच लातूर-जळगावातही रुळली आहे. वाद रंगतो तो मोतिया की हस्तिदंती, पानाफुलांचा कागद की पट्ट्यांचा यावर. पण केलेलं काम किती टिकणार, हे या वादात ठरत नाही. ते ठरतं भिंतीत पाणी किती आहे आणि ते कुठून बाहेर पडणार आहे यावर. म्हणूनच मुरलेला रंगारी घरात शिरल्यावर शेडकार्ड बाजूला ठेवून आधी भिंतीवर तळहात टेकवतो, कोपऱ्यातला पोपडा नखाने उचलून पाहतो आणि विचारतो, ‘‘ही बाहेरची भिंत का? पश्चिमेची?’’

पश्चिमेची भिंत म्हणजे कोकणपट्टीत पावसाची झड अंगावर घेणारी भिंत. वीट आणि सिमेंटचा गिलावा दिसायला घट्ट असला, तरी आतून बारीक छिद्रांनी भरलेला असतो. या छिद्रांतून पाणी केशाकर्षणाने आडवं सरकतं, वरही चढतं, आणि जाताना वाळूतले, विटेतले, सिमेंटमधले क्षार विरघळवून सोबत नेतं. पावसाळा सरला की हे पाणी घराच्या आतल्या बाजूने हवेत उडून जातं, क्षार मात्र मागे राहतात. त्यांचे स्फटिक रंगाच्या थरामागे वाढू लागतात आणि वाढताना रंगाला ढकलून सुटा करतात. भिंतीला लोणा लागला असं आपण म्हणतो तो हाच. त्यावर नुसता रंगाचा आणखी एक हात मारला, तर पुढच्या वर्षी तोही पोपड्यांसकट खाली येतो. पाणी कुठून येतंय ते शोधून बंद करणं, भिंत वाळू देणं, क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढणं आणि मग पुट्टी-प्रायमर, हाच क्रम.

भिंत वाळली आहे का, हे तपासायला महागडं यंत्र लागत नाही. फूटभर लांबीरुंदीचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा संशयित जागी चारही कडांनी चिकटपट्टीने पक्का बंद करा आणि एक दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, बाष्प जमलं तर ओल भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या हवेची आहे, आणि दोष भिंतीचा नसून कोंडलेल्या खोलीचा आहे. दोन्हींवरचे उपाय अगदी वेगळे, म्हणून पैसे खर्च करण्याआधी हा एक दिवस द्यावाच.

नव्या घरात प्रश्न आणखी एका पायरीने वाढतो. ताज्या सिमेंटच्या गिलाव्याचा सामू 12 ते 13 असतो, म्हणजे तो चांगलाच अल्कधर्मी. त्यावर घाईने ऑइल पेंट लावला, तर गिलाव्यातली ओल आणि अल्कली रंगातल्या तेलावर चालून जातात आणि तेलाचा चक्क साबण होतो. रंग चिकट, मऊ पडतो आणि सुटतो. अल्कलीला दाद न देणारा प्रायमर आणि वाळायला पुरेसा वेळ, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

आपल्या आजी-आजोबांच्या घरांत हे प्रश्न फारसे उठत नसत, त्याचं श्रेय चुन्याला. चुनाकळीवर पाणी ओतलं की ती उकळल्यासारखी फसफसते, वाफा निघतात आणि विरलेला चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, तयार होतो. कुंच्याने भिंतीवर फिरवलेला हा चुना ओला असताना फिकट, जवळजवळ पारदर्शक दिसतो. खालचा डाग तसाच डोकावत राहतो. पाणी उडून गेलं की तीच भिंत पांढरीशुभ्र होते. कारण प्रकाशाच्या वागण्यात आहे. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकांत जितका फरक जास्त, तितका त्यांच्या सीमेवर प्रकाश जास्त विखुरतो. चुन्याच्या कणांचा अपवर्तनांक 1.6च्या आसपास, पाण्याचा 1.33 आणि हवेचा 1. कणांभोवतीच्या पाण्याची जागा हवेने घेतली की फरक वाढतो, प्रकाश सगळीकडे विखुरतो आणि आपल्याला पांढरं दिसतं. पुढच्या दिवसांत हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट बनतो, म्हणजे पुन्हा दगडच होतो. त्या क्रियेलाही थोडा ओलावा लागतो. म्हणून कडक उन्हात झटकन सुकलेली सफेदी हाताला लागते. चुन्याचा थर बाष्प अडवत नाही, भिंत आत-बाहेर मोकळी राहते, आणि त्याच्या अल्कधर्मी पृष्ठभागावर बुरशीला सहज बस्तान बसवता येत नाही.

त्या चुन्यात चिमूटभर नीळ घालायची पद्धत होती. चुन्यातली पिवळट झाक ती मारते आणि पांढरा अधिक स्वच्छ वाटतो. ही नीळ म्हणजे अल्ट्रामरीन. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळा ज्या लाजवर्द दगडातून आला, त्याच दगडातलं हे रंगद्रव्य. तो दगड अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येई आणि सोन्याच्या तोलाचा मानला जाई. 1828च्या सुमारास फ्रान्समध्ये हे रंगद्रव्य कृत्रिमरीत्या बनवण्याची रीत सापडली आणि अजिंठ्यातला निळा सामान्य घरांच्या सफेदीपर्यंत पोहोचला. रंगाच्या इतिहासात मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

आजच्या इमल्शन रंगात सगळं चुन्याच्या उलट घडतं. डब्यातल्या रंगाचं निम्म्याहून अधिक आकारमान पाण्याचं असतं. त्यात रंगद्रव्याचे कण आणि मिलिमीटरच्या काही दहा-हजारांश भागाएवढे ॲक्रिलिकचे गोळे तरंगत असतात. पाणी उडू लागलं की हे गोळे जवळ येतात, एकमेकांना टेकतात, दाबले जाऊन मधमाश्यांच्या पोळ्यासारखे षट्कोनी होतात, आणि मग त्यांच्यातल्या बहुवारिकांच्या साखळ्या सीमा ओलांडून एकमेकींत गुंततात. वेगळे गोळे उरत नाहीत, एकसंध पापुद्रा होतो. ओले असताना हे गोळे प्रकाश विखुरतात, म्हणून ओला रंग दुधाळ दिसतो. पापुद्रा झाला की ते पारदर्शक होतात आणि रंग गडद होतो. चुना सुकताना उजळतो, इमल्शन सुकताना गडद होतं. गडद हिरवी किंवा विटकरी छटा निवडली असेल, तर भिंतीवर दोन फुटांचा चौकोन रंगवून दुसऱ्या दिवशी पाहा. ओल्या रंगावरून मत बनवू नका.

रंगात जास्तीचं पाणी घालून ‘रंग वाढवण्याची’ सवय इथे महागात पडते. कण आणि गोळे तेवढेच, पण जास्त जागेवर पसरल्याने पापुद्रा विरळ. अशी भिंत पुसली की फडक्यावर रंग येतो. पहिला हात आतून ओला असतानाच दुसरा मारला, तर खालचं पाणी कोंडतं. ढगाळ, दमट हवेत दोन हातांमधलं अंतर वाढवावं लागतं. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. आणि भिंत हाताला कोरडी लागली तरी तिच्यातल्या साखळ्यांचं गुंतणं पुढे काही आठवडे चालू असतं, तेव्हा तोवर ती ओल्या फडक्याने घासू नये.

खालचा डाग झाकण्याचं काम करतो टायटॅनियम डायऑक्साइड. त्याच्या रुटाइल प्रकाराचा अपवर्तनांक 2.7च्या आसपास, हिऱ्याहूनही जास्त. म्हणून इमल्शनच्या पापुद्र्यात बुडूनही तो पांढरा राहतो. स्वस्त रंगात तो कमी आणि खडूची पूड जास्त असते. खडू पापुद्र्यात बुडाला की जवळजवळ दिसेनासा होतो आणि दोन हातांच्या जागी चार लागतात. टायटॅनियमचं एक मुख्य खनिज इल्मेनाइट, रंगाने काळं. रत्नागिरीजवळ मिऱ्या आणि काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू पायाखाली येते, तिच्यात ते आहे.

जुन्या घराचं काम असेल तर दारं-खिडक्यांच्या ऑइल पेंटबाबत मनापासून एक विनंती. घरगुती रंगातलं शिसं दहा लाख भागांत 90 भागांवर आणणारे नियम भारतात 2016 साली आले आणि 1 नोव्हेंबर 2017पासून लागू झाले. त्याआधीचे थर पॉलिश पेपरने कोरडे घासले तर शिशाची धूळ उडू शकते, आणि लहान मुलांच्या मेंदूला शिसं कोणत्याही प्रमाणात चालत नाही. पाणी मारून ओलं घासा, धूळ ओल्या फडक्याने टिपा आणि तेवढे दिवस मुलांना आणि गरोदर बाईला दुसरीकडे ठेवा.

आता ती चौथी भिंत. वॉलपेपर आणि ओल यांचं वैर किती जुनं आहे, हे युरोपात एकोणिसाव्या शतकात दिसून आलं. 1775मध्ये कार्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने तांबं आणि आर्सेनिक यांच्यापासून एक झळझळीत हिरवा रंग बनवला. तो आणि त्याचे भाऊबंद वॉलपेपरवर छापले जाऊ लागले. अशा कागदाच्या दमट खोल्यांत लसणासारखा वास येई आणि माणसं आजारी पडत. 1874मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट केड्झी यांनी अशा विषारी वॉलपेपरचे 86 नमुने बांधून ‘शॅडोज फ्रॉम द वॉल्स ऑफ डेथ’ हे पुस्तक काढलं आणि त्याच्या 100 प्रती ग्रंथालयांना पाठवल्या. ते पुस्तक हाताळणंही धोक्याचं होतं. पुढे 1890च्या दशकात इटलीच्या बार्तोलोमेओ गोसियो यांनी दाखवून दिलं की काही बुरशी आर्सेनिकचं रूपांतर लसणासारख्या वासाच्या वायूत करतात. तो वायू ट्रायमिथाइल आर्सिन, हे 1930च्या दशकात लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजर यांनी ओळखलं. अलीकडे असं मानलं जातं की तो वायू समजला गेला तितका जहाल नसावा आणि खरा धोका सुट्या होणाऱ्या रंगाच्या धुळीचा असावा. आर्सेनिक गेलं. बुरशी मात्र आजही तीच आहे आणि तिला लागणारं खाद्यही: कागदाचा सेल्युलोज, खळीतला स्टार्च आणि ओल.

आपले बुकबाइंडर मैद्याच्या खळीत मोरचूद घालतात ते याच कारणाने. आजच्या वॉलपेपरच्या तयार खळीत बुरशीनाशक असतं, पण भिंतच ओली असेल तर ते किती दिवस पुरणार?

व्हिनाइलचा कागद असेल तर अडचण दुहेरी. व्हिनाइल पुसता येतं, टिकाऊही असतं, पण ते बाष्प अडवतं. जुलैतली मुंबई घ्या: बाहेर 30 अंश सेल्सिअस आणि 80 टक्के सापेक्ष आर्द्रता. अशा हवेचं दवबिंदू तापमान 26 अंशांच्या आसपास येतं. आत एसी 24 अंशांवर. बाहेरचं बाष्प भिंतीतून आत सरकतं, व्हिनाइलच्या मागे अडतं आणि तिथल्या थंड पृष्ठभागावर त्याचं पाणी होतं. खळ, कागद, पाणी आणि अंधार एकाच जागी. वरून कागद सुंदर दिसत राहतो, मागे काळे ठिपके पसरतात, आणि खोलीत शिरताच येणारा कुबट वास हीच पहिली खूण ठरते. घरात कुणाला दमा असेल तर ही खूण उशिराची आहे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: वॉलपेपरसाठी दोन खोल्यांमधली आतली भिंत निवडा, आणि तिच्या मागे न्हाणीघर नाही याची खात्री करा. बाहेरचीच भिंत सजवायची असेल तर तिला रंगाची वेगळी छटा द्या.

छटा निवडताना शेजार लक्षात घ्या. पॅरिसच्या गोब्लँ गालिचा कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेल्या मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली होती. रंगात दोष नव्हता. काळ्याशेजारचे दुसरे रंग आपल्या डोळ्याला तो फिका भासवत होते. 1839मध्ये त्यांनी यावर ग्रंथ लिहिला. गडद हिरव्या वॉलपेपरशेजारी तुमची साधी क्रीम भिंत किंचित गुलाबी वाटेल ती याच नियमाने. शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, त्यामुळे चार भिंतींवर गेलेली छटा शेडकार्डावरच्या चौकोनापेक्षा तीव्र दिसते. शंका असेल तर एक पायरी फिकी घ्या. नमुना सकाळच्या उजेडात आणि रात्री घरच्या दिव्यांत, दोन्ही वेळा पाहा. एलईडीच्या प्रकाशातले घटक सूर्यप्रकाशापेक्षा वेगळे असल्याने दुपारी जुळणारा पडदा आणि भिंत रात्री फटकून वागू शकतात.

कागद विकत घेताना क्षेत्रफळाच्या हिशोबावर विसंबू नका. सर्रास मिळणारा रोल 53 सेंटिमीटर रुंद आणि 10 मीटर लांब, म्हणजे सुमारे 57 चौरस फूट. भिंत 12 फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच असेल तर 114 चौरस फूट, कागदावर दोन रोल पुरले. पण रुंदीत सात पट्ट्या लागतात आणि वर-खाली कापायची जागा धरली की एका रोलमधून तीनच निघतात. म्हणजे तीन रोल. नक्षी मोठी असेल तर ती जुळवण्यात आणखी जातो. साध्या कागदाला खळ लावून काही मिनिटं घडी करून ठेवतात, कारण ओला सेल्युलोज आडवा फुगतो. फुगायच्या आधीच चिकटवला तर भिंतीवर फुगे येतात आणि सुकताना सांधे उघडतात. नॉन-वोव्हन प्रकारच्या कागदात कृत्रिम धागे असल्याने तो फुगत नाही, तिथे खळ थेट भिंतीला लावतात. तिन्ही रोलच्या वेष्टनांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना, हे दुकानातच पाहून घ्या. दोन बॅचच्या छपाईतला फरक हातात धरल्यावर कळत नाही, भिंतीवर दोन पट्ट्या शेजारी लागल्यावर कळतो.