पावलांची चाहूल आणि तानपुऱ्याची जवारी

मुळा नदीच्या काठचे, बालेवाडी आणि हिंजवडी यांच्यामधले मुळशी तालुक्यातील महाळुंगे एके काळी शेतीचे गाव होते. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीच्या हद्दीत श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल उभे राहिले. पुढे हिंजवडीची आयटी वसाहत वाढत गेली आणि तिच्यासोबत या परिसरात उंच इमारतींच्या रांगा उभ्या राहिल्या. आज त्या संकुलाच्या हाकेच्या अंतरावर राहणारी कितीतरी मुले मैदानाऐवजी पडद्यावर खेळतात. वडीलधाऱ्यांना हे रुचो वा न रुचो, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत स्थान दिले आणि २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत या खेळांना पदकेही मिळाली.

अशा घरात संध्याकाळी एकाच दिवाणखान्यावर तीन पिढ्यांचा हक्क असतो. आजोबांना नाट्यसंगीत ऐकायचे असते, वडिलांची कार्यालयीन बैठक संपलेली नसते आणि दहावी-बारावीतल्या मुलाला शत्रूच्या पावलांची चाहूल नेमक्या दिशेने ऐकू यायला हवी असते. तडजोड म्हणून हेडफोन घेण्याचे ठरते. मग मुलगा एक यादी पुढे ठेवतो. त्या यादीत हेडफोन असतो, त्याच्यासाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर असतो, शिवाय संगणकाच्या आकड्यांचे विद्युत्‌लहरीत रूपांतर करणारा ‘डॅक’ही असतो. एकूण रक्कम पाहून वडील गप्प होतात. या यादीतले खरोखर गरजेचे किती आणि निव्वळ हौसेचे किती, हे समजण्यासाठी थोडे विज्ञान पुरेसे आहे.

किंमत आणि आवाजाचा दर्जा यांचे नाते समजले जाते तितके घट्ट नाही. २०१७ साली जेरोन ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मापे तपासली, तेव्हा किंमत आणि आवाजातील मंद्र-तार स्वरांचा समतोल यांत ठळक संबंध आढळला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन वाईट असतात असा नव्हे. नक्षीदार लाकूड, धातूची चौकट, टिकाऊ जोडण्या यांनाही मोल द्यावेच लागते. मात्र त्या मोलात कानाचा वाटा किती, हा प्रश्न दुकानात विचारायलाच हवा.

निवड करताना पहिला फाटा फुटतो तो उघड्या आणि बंद पाठीचा. उघड्या पाठीच्या हेडफोनात कानामागची जाळी मोकळी असते. आवाज कोंडत नाही आणि ध्वनिपट डोक्याबाहेर पसरल्याचा भास होतो. जर्मनीच्या सेनहायझर कंपनीने १९६८ मध्ये ‘एचडी ४१४’ काढून हा प्रकार लोकप्रिय केला. त्याच कंपनीचा १९९७ चा ‘एचडी ६००’ आजही संगीतप्रेमींच्या टेबलावर दिसतो. खेळातील दिशा ओळखण्यासाठीही हा प्रकार अनेकांना आवडतो. अडचण एवढीच की तो आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो आणि बाहेरचा गोंगाट सरळ आत येतो. महामार्गाची घरघर आणि शेजारच्या बांधकामाची ठोकाठोक ज्या खिडकीतून येते, त्या खोलीत उघडा हेडफोन घातलेला माणूस नकळत आवाज वाढवत नेतो. अशा खोलीत बंद पाठीचा हेडफोनच शहाणपणाचा. एकाच अभ्यासिकेत दोन भावंडे बसत असतील, तर हा प्रश्न चर्चेचाही राहत नाही.

दिशा कशी कळते, हे समजले की जाहिरातींतील बरेच शब्द गळून पडतात. उजवीकडून आलेला ध्वनी उजव्या कानाला आधी पोहोचतो. डाव्या कानाला तो पोहोचतो तेव्हा सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळ उलटलेला असतो. तेवढ्या फरकावरून, दोन कानांतील तीव्रतेच्या फरकावरून आणि कानाच्या पाळीच्या घड्यांनी आवाजात केलेल्या बदलावरून मेंदू दिशा ठरवतो. हे सारे दोन कानांनीच घडते, म्हणून हेडफोनातही चांगले दोन स्पीकर पुरतात. खोक्यावरील ‘७.१ सराउंड’ हे बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचे काम असते. व्हॅलोरंटसारख्या खेळांच्या सेटिंगमध्ये ‘एचआरटीएफ’ नावाचा पर्याय असतो. कानाच्या रचनेचा हा हिशेब खेळ स्वतःच करतो. तो सुरू असताना विंडोजमधील सराउंडही चालू ठेवला, तर एकाच आवाजावर दोनदा संस्कार होतात आणि दिशा स्पष्ट होण्याऐवजी धूसर होते. हा उपाय फुकटचा आहे. यादीतील कुठल्याही वस्तूआधी तो करून पाहावा.

खेळण्यासाठी साधा ब्लूटूथ हेडफोन मात्र टाळलेला बरा. त्यात आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक उशिरा येऊ शकतो, आणि बोलण्यासाठी त्याचाच माइक सुरू केला की ऐकण्याचा दर्जा एकदम घसरतो. तार चालत नसेल तर २.४ गिगाहर्ट्झच्या छोट्या रिसीव्हरवर चालणारा घ्यावा. माइकची सोय तर काही शे रुपयांच्या कॉलर माइकनेही होते.

आता अ‍ॅम्प्लिफायर. घरातला खरा वाद इथेच पेटतो. “हेडफोन २५० ओहमचा आहे, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर हवाच,” असे ठामपणे सांगितले जाते. पण ओहम हा विद्युत्‌प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा आकडा आहे. हेडफोन किती सहज वाजतो, हे ठरवताना त्याची संवेदनशीलताही पाहावी लागते. बायरडायनॅमिकच्या ‘डीटी ९९० प्रो’चे उदाहरण घेऊ. त्याची २५० ओहमची आवृत्ती १ मिलिवॉट शक्तीत सुमारे ९६ डेसिबल आवाज देते. ऐकण्याची सरासरी पातळी ८० डेसिबल धरली आणि तबल्याच्या थापेसारख्या क्षणिक उसळ्यांसाठी आणखी २० डेसिबल राखून ठेवले, तर १०० डेसिबलसाठी लागते केवळ २.५ मिलिवॉट, म्हणजे सुमारे ०.८ व्होल्ट. चांगला लहान यूएसबी अ‍ॅडॅप्टर साधारण १ व्होल्ट देतो. म्हणजे या हेडफोनाला टेबलावरची जड पेटी लागतेच असे नाही.

उलट हायफायमॅनचा ‘एचई-६’ पाहावा. प्लेनर मॅग्नेटिक जातीचा हा हेडफोन केवळ ५० ओहमचा, पण १ मिलिवॉटला जेमतेम ८३.५ डेसिबल देणारा. त्याच १०० डेसिबलसाठी त्याला सुमारे ४५ मिलिवॉट, म्हणजे अठरापट शक्ती, हवी. ओहम पाचपट कमी असूनही व्होल्टेज जवळजवळ दुप्पट लागते. असा हेडफोन घेणाऱ्याने अ‍ॅम्प्लिफायरसाठी पैसे बाजूला ठेवावेतच. बाकीच्यांनी आधी हेडफोन घेऊन घरच्या यंत्रावर आठवडाभर ऐकावा. आवाजाची मात्रा पूर्ण वर नेऊनही पुरेसा वाजत नसेल, तरच पुढचा विचार करावा.

अ‍ॅम्प्लिफायरचे आणखी एक गुणलक्षण पाहायला हवे. त्याचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या इम्पीडन्सच्या आठव्या भागाहून कमी असावा, असा जाणत्यांचा संकेत आहे. कानात घालायच्या १६ ओहमच्या नाजूक यंत्रांसाठी तो २ ओहमच्या आत हवा. नाही तर काही यंत्रांचा स्वरसमतोलच बिघडतो. चांगल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी फार मोल मोजावे लागते, हा समजही २०११ साली एका निनावी अभियंत्याने खोडून काढला. ‘एनडब्ल्यूएव्हीगाय’ या टोपणनावाने त्याने ‘ऑब्जेक्टिव्ह २’ नावाच्या साध्या अ‍ॅम्प्लिफायरचा आराखडा मापांसह सर्वांसाठी खुला केला आणि पुढल्या वर्षी तो लिहायचा थांबला. कोण होता, ते त्याने कधीच सांगितले नाही.

डॅकविषयी थोडक्यात. संगणकातच एक डॅक असतो. तो बदलण्याचे खरे कारण म्हणजे ऐकू येणारी खरखर किंवा गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर ती थांबत असेल, तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी आधी तीन पिनांचा नीट अर्थिंग असलेला सॉकेट वापरून पाहावा.

खेळापुरता निवडलेला हेडफोन आजोबांच्या संगीतालाही न्याय देईल का? दुकानात जाताना मोबाइलमध्ये तानपुऱ्याचे एखादे ध्वनिमुद्रण न्यावे. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आणि २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळवलेली ही वाद्ये हेडफोनची परीक्षा फार कठोरपणे घेतात. जवारीतून उमटणारे वरचे स्वरांश विरळ ऐकू आले, तर हेडफोन मंद. ते काचेसारखे टोचले, तर तार स्वरांत तो अतिउत्साही. डग्ग्याची घुमक ऐकताना तिच्या मींडेतला चढउतार कळतो की नुसता धपका ऐकू येतो, हेही पाहावे. स्फोट आणि गोळीबार रंगवणारे काही गेमिंग हेडफोन नेमके इथे नापास होतात. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरील नाट्यगीतांची गोष्ट निराळी. त्या ध्वनिमुद्रणांत तार स्वर मुळातच थोडे आणि खरखर भरपूर. ‘डीटी ९९०’सारखा वरच्या पट्टीत उजळ हेडफोन ती खरखरच पुढे आणतो. ‘एचडी ६५०’सारखा सौम्य हेडफोन आजोबांना अधिक सुखावेल. शिवाय ही मुद्रणे मोनो असल्याने गायक डोक्याच्या मध्यभागी बसून गात असल्यासारखा वाटतो. त्यात यंत्राचा दोष नाही.

अ‍ॅम्प्लिफायर घरात आला की आवाज वाढवण्याची सोय येते आणि मोहही येतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगते. मुलांसाठी तेवढ्याच तासांना ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. प्रौढांना ८६ डेसिबलवर १० तास, तर ९२ वर जेमतेम अडीच तास मिळतात, तेही आठवड्याभरात. स्पर्धेच्या तीन संध्याकाळींत हे खाते रिकामे होऊ शकते. खेळांसाठी या संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२५ मध्ये स्वतंत्र मानक जाहीर केले, यावरूनच विषयाचे गांभीर्य कळते. कान खुणा देतात. हेडफोन काढल्यावर शिटी वाजल्यासारखे वाटणे किंवा घरच्यांचे बोलणे बसके ऐकू येणे, अशी तक्रार मुलाने केली तर हेडफोन बाजूला ठेवून कानाच्या डॉक्टरांना दाखवावे.

जैन कुटुंबाला खरेदीपूर्वी आणखी एक चौकशी करावी लागते. कानाभोवतीच्या गाद्या आणि डोक्यावरचा पट्टा कशाचा आहे? काही महागड्या हेडफोनांत मेंढीचे किंवा इतर जनावरांचे कातडे असते. ऑडीझीसारखी कंपनी काही हेडफोन कातड्याविनाही देते, पण ते मागणी करतानाच सांगावे लागते. ‘प्रोटीन लेदर’ हे नावही फसवे आहे. ते कातडे नव्हे. मात्र त्यात मिसळलेली प्रथिने प्राणिज असू शकतात, म्हणून उत्पादकाला लिहून विचारणे बरे. ‘एचडी ६००’ किंवा ‘डीटी ९९० प्रो’ यांच्या गाद्या मखमली कापडाच्या असतात आणि पुण्याच्या उन्हाळ्यात त्या कानाला गारही वाटतात. कातड्याच्या गाद्या काढून नंतर कापडी बसवू, असा विचार करणाऱ्यांनी मात्र एक लक्षात घ्यावे. कापडातून हवा निसटते, मंद्र स्वर कमी होतात आणि दुकानात पसंत केलेला आवाज घरी वेगळाच वाटतो. म्हणून ज्या हेडफोनच्या गाद्या कारखान्यातूनच कापडी येतात, तोच डोक्यावर घालून तानपुरा ऐकावा.