गोधडीचा हिशेब

आमचे अब्बा भोसरीच्या एमआयडीसीत टर्नर होते. खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि तोंडात कायम 'सूत'. एका इंचाचे आठ सूत. सळई तीन सुती, नळ चार सुती, अशी कारखान्यातली भाषा ते घरीही बोलत. अम्मीच्या हातातही सूतच असायचं, पण सुईत ओवलेलं. ती गोधड्या शिवायची. अब्बांचं मोजमाप कागदावर उतरायचं, अम्मीचं कधीच नाही. त्यामुळे तिच्या कामात गणित आहे हे मला बी.ए. होईपर्यंत कळलं नाही, आणि कळलं तेही तिचं नुकसान करून.

तिचं माप म्हणजे तिचा हात. ताणलेल्या अंगठ्यापासून करंगळीपर्यंत वीत, सुमारे 9 इंच. दोन विती म्हणजे एक हात, दोन हात म्हणजे एक वार, 36 इंच. या मापांची एक गंमत आहे. वाराची घडी घातली की हात, हाताची घडी घातली की वीत. पट्टी लागत नाही. मीटरचे दहा सारखे भाग कुणी असे घडी घालून करून दाखवावेत! 1956 च्या कायद्यानं मेट्रिक मापं आली, पुढे कापडदुकानातला वार जाऊन मीटर आला, पण साडी मात्र नऊवारीच राहिली. नऊ वार म्हणजे 324 इंच. 'नऊ वार म्हणजे आठ मीटरच की' असं कुणी म्हणालं तर लक्षात ठेवा, आठ मीटर भरतात 315 इंच. नऊ इंच कमी, म्हणजे एक वीत गेली.

आता या साडीची गोधडी करू. मोठ्या माणसाची गोधडी 60 इंच रुंद, 90 इंच लांब धरा. साडीचा पन्हा धरा 45 इंच. दोन पन्हे शेजारी जोडले की लांबीचे 90 होतात, म्हणजे एका थराला 60 इंचांचे दोन तुकडे लागतात. एका साडीतून असे पाच तुकडे निघतात. दोन थर झाले, एक तुकडा उरला. दुसऱ्या साडीचाही एक उरतो, दोन्ही मिळून आणखी एक थर. म्हणून दोन साड्यांत पाच थर, आणि वर अडीच वितींहून थोड्या जास्त लांबीच्या दोन पट्ट्या ठिगळांना. विरलेला भाग आत जातो, धड भाग वर राहतो.

पण 45 आणि 45 नव्वद होतात ते पाटीवर. कापडात होत नाहीत. मधल्या जोडात दोन्हीकडचा अर्धा-अर्धा इंच आत जातो, दोन्ही टोकं दुमडताना आणखी अर्धा-अर्धा. हाती राहतात 88. तो घाटा भरायला चारी बाजूंनी काठाची पट्टी लावायची. तुकड्या-तुकड्यांच्या गोधडीत तर हा घाटा फार दिसतो. नऊ इंचांचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी अर्धा इंच दुमडला की आठ इंचांचा उरतो. असे दहा तुकडे ओळीनं जोडले तर 90 नव्हे, 80 इंच भरतात. क्षेत्रफळात पाहिलं तर 81 चौरस इंचांतले 64 दिसतात, पाचव्या हिश्श्याहून थोडं जास्त कापड शिवणीत गेलं. चार इंचांचा तुकडा घेतला तर दिसतात 16 पैकी 9, जवळजवळ निम्मं गायब! नक्षी जितकी बारीक तितकं कापड जास्त. आणि नवं सुती कापड घेणार असाल तर आधी धुऊन, वाळवून मगच मोजा. जुन्या साडीला ती भीती नसते, ती आटायची तेवढी आटलेली असते.

थर पसरले की अम्मी एका दोरीनं समोरासमोरचे दोन कोपरे मोजायची, गाठ मारायची, मग तीच दोरी उरलेल्या दोन कोपऱ्यांवर. गाठ जुळली तर गोधडी चौरस, नाही तर तिरकी. 60 बाय 90 ला ही दोरी सुमारे 108 इंच, म्हणजे जवळजवळ तीन वार भरते. अब्बा हसून म्हणत, 'गुण्यात आहे.' कारखान्यात चौकट तपासायची तीच रीत.

माझी चूक 1991 सालची. चाकणच्या एका बाईंनी आधी अम्मीकडून बाळाचं दुपटं शिवून नेलं होतं, 30 बाय 45 इंचांचं, मजुरी 40 रुपये. मग त्यांच्या घरच्या लग्नासाठी पाच मोठ्या गोधड्या सांगितल्या, कापड त्यांचंच. दर काय सांगायचा? अम्मीनं मला विचारलं. मी नुकताच पदवीधर, शिवाय कवी. म्हटलं, लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, तर मजुरीही दुप्पट, 80 रुपये. तिनं शब्द दिला.

पहिली गोधडी संपायला आली तेव्हा ती म्हणाली, "धागा तो चौपट गया रे, पैसे दुगुने कैसे?"

तेव्हा मी कागद घेऊन बसलो. गोधडीत काठापासून आत-आत धावदोरा फिरत जातो. दोन ओळींत अंतर अर्धा इंच, अब्बांच्या भाषेत चार सूत. दुपट्याचं क्षेत्रफळ 1350 चौरस इंच. अर्ध्या इंचानं ओळी, म्हणजे शिलाईची लांबी 2700 इंच, 75 वार. मोठ्या गोधडीचं क्षेत्रफळ 5400, शिलाई 10,800 इंच. तीनशे वार! इंचाला तीन टाके धरले तर बत्तीस हजारांवर टाके. दुपट्याला तिला घरकाम सांभाळून चार दिवस लागत, गोधडीला सोळा. पाच गोधड्यांना ऐंशी दिवस, आणि लग्न तीन महिन्यांवर. आठशेचं काम चारशेत.

मी म्हटलं, चाकणला जाऊन सांगून येतो. तिनं जाऊ दिलं नाही, शब्द गेला होता. पाचही गोधड्या वेळेवर गेल्या. शेवटची बांधताना तिचं बोट सुजलेलं होतं.

आजही पिंपरी-चिंचवडच्या सोसायट्यांत साड्या देऊन गोधडी शिवून घेणारी घरं आहेत. पलंगांच्या नावांनी आपली जीभ फसते. 'सिंगल'ची अमुक मजुरी, तर 'डबल'ची दुप्पट, असं सहज बोललं जातं. पलंगाची लांबी तीच राहून फक्त रुंदी दुप्पट झाली असेल तर ते खरंही आहे. दोन्ही वाढले असतील तर आधी गुणाकार करा. शिवणाऱ्या बाईला तो करायला वेळ नसतो, आणि घासाघीस आपणच करत असतो.

त्या लग्नानंतर अम्मीनं अब्बांकडून पुठ्ठ्याचा एक चौकोन कापून घेतला, हातभर लांब, हातभर रुंद. गिऱ्हाईक आलं की सांगितलेल्या मापाची चादर पसरून ती त्यावर पुठ्ठा ठेवत जायची. दुपट्यात असे चार चौकोन आणि थोडं, मोठ्या गोधडीत सोळा आणि वर थोडं. चौकोनाला दहा रुपये. पुन्हा दर ठरवायला तिनं मला बोलावलं नाही. पुठ्ठा कापताना अब्बांनी चारी कोपऱ्यांना गुण्या लावला होता. तरीही तिनं दोरी आणून दोन्ही बाजू मोजल्या, आणि मगच तो ठेवून घेतला.