तार्नची दरी आणि ‘कोस’ पठारे : दक्षिण फ्रान्समधील एक सायकलमार्ग

फ्रान्स आणि सायकल यांचा एकत्र उल्लेख झाला की १९०३ साली सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत प्रथम आठवते. परंतु त्या देशात सायकलीची दुसरीही एक परंपरा आहे. ती शर्यतीची नसून प्रवासाची आहे. सँत-एतिएन या औद्योगिक शहरातील पॉल द व्हिव्ही (१८५३-१९३०) हे तिचे आद्य प्रवर्तक मानले जातात. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने ते लेखन करीत. १८८७ साली त्यांनी सायकलविषयक नियतकालिक सुरू केले आणि डोंगराळ प्रदेशात सामान्य माणसालाही सायकल चालविता यावी यासाठी अनेक गतींच्या गिअरचा आयुष्यभर पुरस्कार केला. ‘तूर द फ्रान्स’च्या संयोजकांनी साखळी बदलणाऱ्या अशा गिअरला १९३७ पर्यंत मज्जाव केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांच्या दूरदृष्टीची कल्पना येते. भूक लागण्यापूर्वी खावे, तहान लागण्यापूर्वी प्यावे आणि दमून जाईपर्यंत स्वतःला ताणू नये, हा त्यांचा उपदेश आजही सायकलप्रवाशांना मार्गदर्शक ठरतो.

१९३६ साली फ्रान्समधील कामगारांना कायद्याने वर्षातून दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हा हजारो कुटुंबे सायकलींवरूनच आपला देश पाहण्यास बाहेर पडली. या परंपरेतील प्रवासी ज्या प्रदेशांकडे आवर्जून वळतात, त्यांत मध्य पर्वतसमूहाच्या दक्षिण टोकावरील चुनखडीची पठारे व त्यांमधील खोल दऱ्या यांचा समावेश होतो.

चुनखडीची चार पठारे

या पठारांना स्थानिक भाषेत ‘कोस’ म्हणतात. मराठीतील अंतरवाचक ‘कोस’ या शब्दाशी त्याचा संबंध नाही. सोवतेर, मेजाँ, न्वार आणि लार्झाक ही त्यांतील चार मोठी पठारे होत. कोट्यवधी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी साचलेल्या चुनखडीचे थर पुढे वर उचलले गेले आणि तार्न, जोंत व दुर्बी या नद्यांनी ते कापून काढले. पठारांची उंची साधारणतः ८०० ते १,२०० मीटर आहे, तर तार्नची दरी ठिकठिकाणी ४०० ते ६०० मीटर खोल आहे.

मियो या गावातून निघून जोंतच्या दरीने मेरुएस, तेथून मेजाँ पठार ओलांडून सँत-एनिमी आणि तार्नच्या दरीने पुन्हा मियो, असा सुमारे सव्वाशे किलोमीटरांचा फेरा सायकलस्वाराला या भूमीचा संपूर्ण परिचय करून देतो. अनुभवी स्वार तो एका दिवसात पुरा करतात. प्रदेश समजून घेऊ इच्छिणाऱ्याने मात्र दोन दिवस राखून ठेवावेत.

दरीतून पठारावर

मियोपासून ल रोझियेपर्यंतचे पहिले सुमारे वीस किलोमीटर तार्नच्या काठाने सौम्य चढाचे आहेत. ल रोझिये येथे जोंत नदी तार्नला मिळते. येथून रस्ता जोंतच्या अरुंद दरीत शिरतो. उजवीकडे न्वार, डावीकडे मेजाँ आणि दोहोंच्या कड्यांवर घिरट्या घालणारी गिधाडे, असे येथील दृश्य असते. १९४० च्या दशकात ही गिधाडे या भागातून नाहीशी झाली होती. पिंजऱ्यात वाढविलेली गिधाडे १९८१ पासून येथे मुक्त करण्यात आली आणि आज त्यांची मोठी वसाहत या कड्यांवर नांदते आहे. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे पठारावरील कळपांतील मृत मेंढ्या होत. मेंढपाळ ठरवून दिलेल्या जागी त्या ठेवतात आणि गिधाडे त्यांची विल्हेवाट लावतात.

मेरुएस हे सुमारे ७०० मीटर उंचीवरील टुमदार गाव आहे. त्याच्या पूर्वेस १,०२८ मीटर उंचीची पेरझ्युरे खिंड लागते. १० जुलै १९६० रोजी ‘तूर द फ्रान्स’मध्ये दुसऱ्या क्रमांकावर असलेला रोजे रिव्हिएर हा तरुण स्वार याच खिंडीच्या उतारावर दरीत कोसळला. त्याच्या पाठीचा कणा मोडला आणि वयाच्या चोविसाव्या वर्षीच त्याची कारकीर्द संपली. चढण माणसाला थकविते, पण धोका उतारावर असतो, याची आठवण येथील प्रवाशाने ठेवणे इष्ट होय.

फेऱ्याचा मार्ग मात्र मेरुएसहून उत्तरेस वळतो. सुमारे ३०० मीटरांची वळणावळणाची चढण संपताच दृश्य पालटते. झाडे विरळ होतात, वारा वाढतो आणि क्षितिजापर्यंत गवताळ माळ पसरतो. हेच मेजाँ पठार. कित्येक किलोमीटर जावे तेव्हा चार-सहा घरांची एखादी वाडी भेटते.

पाण्याचे गणित

पठारावर पाऊस पडतो, पण पाणी टिकत नाही. चुनखडीच्या भेगांतून ते खाली झिरपते, जमिनीखाली पोकळ्या कोरते आणि शेकडो मीटर खाली दरीच्या तळाशी झऱ्यांच्या रूपाने प्रकट होते. या एका कारणाने येथील सारे जीवन घडविले आहे. मोठी गावे दरीत झऱ्यांपाशी वसली. पठारावरील शेतकऱ्यांनी दगडी छपरावर पडणारे पावसाचे पाणी घराखालील हौदांत साठविले. इमारती लाकूड दुर्मीळ असल्याने घरे व गोठे दगडी कमानींवर उभे केले. मेंढ्यांसाठी फरसबंदी केलेली गोलाकार तळी बांधली. त्यांना ‘लावोन्य’ म्हणतात. अशी तळी रस्त्याच्या कडेला आजही दिसतात.

पाण्याने कोरलेल्या पोकळ्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध ‘आवेन आर्मां’ ही गुहा याच मार्गावर आहे. १८९७ साली ल रोझिये गावचा लोहार लुई आर्मां याला तिचे तोंड आढळले आणि गुहाशास्त्राचे जनक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल यांच्या समवेत त्याने तिचा शोध घेतला. आत चुनखडीचे सुमारे ४०० स्तंभ उभे असून सर्वांत उंच स्तंभ ३० मीटरांच्या आसपास आहे. १९२७ पासून ही गुहा प्रवाशांना खुली आहे.

सायकलस्वारालाही पाण्याचे हेच गणित पाळावे लागते. पठारावर सावली नाही आणि नळही क्वचितच, म्हणून मेरुएस येथे बाटल्या भरून घेणे अगत्याचे असते. गावातील सार्वजनिक कारंज्याचे पाणी पिण्यायोग्य आहे किंवा नाही याची पाटी बहुधा तेथेच लावलेली असते. ती वाचल्याखेरीज पाणी घेऊ नये. लहान गावांतील दुकाने दुपारी बराच वेळ बंद असतात, तेव्हा पाव आणि चीज यांची खरेदी सकाळीच उरकावी.

तार्नच्या काठाने

पठाराच्या उत्तर कडेवरून रस्ता सुमारे ४०० मीटर खाली सँत-एनिमीला उतरतो. कुष्ठरोग जडलेली एक राजकन्या येथील ब्यूर्ल झऱ्याच्या पाण्याने बरी झाली, अशी या गावाची आख्यायिका आहे. येथून ला मालेनमार्गे ल रोझियेपर्यंतचे सुमारे पस्तीस किलोमीटर दरीच्या तळातून जातात. रस्ता होण्यापूर्वी या भागात नावाड्यांचे राज्य होते. ला मालेन येथील नावाडी आजही सपाट तळाच्या नावांतून प्रवाशांना दरी दाखवितात. रस्त्यावर खडकात खोदलेले लहान बोगदे असल्याने सायकलीला दिवा हवा. जुलै-ऑगस्टमध्ये मोटारींची गर्दी फार होते. मे, जून व सप्टेंबर हे महिने अधिक सोयीचे होत.

माळ राखतो कोण?

प्रवाशाला हा माळ निसर्गाने जसाच्या तसा दिलेला वाटतो. वस्तुस्थिती तशी नाही. शतकानुशतकांच्या चराईमुळे तो मोकळा राहिला आहे. जेथे कळप हटतात तेथे काही वर्षांतच झुडपे आणि मागोमाग पाइनची झाडे माळ गिळू लागतात. माळ गेला की त्यावरील फुले, पक्षी आणि कड्यांवरील गिधाडे यांचाही आधार जातो. म्हणूनच २०११ साली ‘युनेस्को’ने कोस व सेवेन या प्रदेशाला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो शेती-पशुपालनाने घडविलेली सांस्कृतिक भूमी म्हणून. १९७० साली स्थापन झालेल्या सेवेन राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यातही माणसांची वस्ती आणि चराई चालू ठेवण्यात आली आहे.

प्रश्न आहे तो माणसे टिकण्याचा. या पठारांचा मोठा भाग ज्या लोझेर जिल्ह्यात येतो, त्याची लोकसंख्या १८५१ साली सुमारे १ लाख ४४ हजार होती. आज ती जेमतेम ७७ हजारांच्या आसपास असून दर चौरस किलोमीटरला सुमारे १५ माणसे राहतात. तरीही कळप टिकून आहेत, याचे एक मोठे कारण रोकफोर चीज हे होय. लाकोन जातीच्या मेंढ्यांच्या दुधापासून बनणारे आणि रोकफोर गावच्या नैसर्गिक गुहांत मुरणारे हे चीज १९२५ पासून कायद्याने संरक्षित आहे. दुधाला खात्रीची बाजारपेठ मिळाली, म्हणून अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले नाही.

लार्झाकचा लढा आणि वर्धा

परतीच्या वाटेवर मियोच्या दक्षिणेस लार्झाकचे पठार दिसू लागते. १९७१ साली तेथील लष्करी छावणीच्या विस्तारासाठी शेतजमिनी घेण्याचे सरकारने जाहीर केले. १९७२ मध्ये १०३ शेतकऱ्यांनी जमीन न सोडण्याची शपथ घेतली. त्याच वर्षी लांझा देल वास्तो यांनी तेथे पंधरा दिवसांचे उपोषण केले. १९३७ साली महाराष्ट्रातील वर्धा येथे महात्मा गांधींच्या सहवासात राहिलेल्या या इटालियन साधकाला गांधीजींनी ‘शांतिदास’ हे नाव दिले होते. शेतकऱ्यांनी अहिंसेचा मार्ग धरला आणि आपल्या मेंढ्या थेट पॅरिसच्या आयफेल मनोऱ्याखाली नेऊन देशाचे लक्ष वेधले. दहा वर्षांनी, १९८१ साली, ही योजना रद्द झाली. पुढे १९८५ साली सरकारने घेतलेली जमीन शेतकऱ्यांच्याच संस्थेकडे दीर्घ मुदतीने सोपविण्यात आली.

मियोजवळ २००४ साली खुल्या झालेल्या २,४६० मीटर लांबीच्या भव्य पुलावरून मोटारी तार्नची दरी काही क्षणांत ओलांडून जातात. त्यांतील प्रवाशाला पठारावरील हौद, तळी, कळप किंवा वाडीतील उघडे दुकान दिसण्याचा संभव नाही. सायकलस्वाराला ते दिसते, कारण त्याची स्वतःचीही गरज पाणी, पाव आणि निवारा हीच असते. तो या गावांत थांबतो, तेथे चार पैसे खर्च करतो आणि जो माळ पाहण्यासाठी आपण आलो तो कोणाच्या श्रमाने राखला गेला आहे, हे जाणून परततो.