नर्सबाईचे नाव पटावर

छत्रपती संभाजीनगरात घाटीचा दवाखाना आहे. कागदावर त्याचे नाव शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय. हे महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्या वेळी शहराचे नाव औरंगाबाद होते. पण मराठवाड्यात कुणालाही विचारा, तो एवढेच म्हणेल, “पेशंटला घाटीत नेलंय.”

घाटीत डॉक्टर येतात, रोग्याला तपासतात, औषध लिहून देतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. मग रोग्याजवळ रात्रंदिवस कोण असते? नर्सबाई. ताप ती मोजते. सुई ती देते. सलाईनची बाटली संपत आली की तिचे लक्ष असते. मध्यरात्री रोग्याचा श्वास अडकला तर पहिली हाक तिलाच. कुणी तिला सिस्टर म्हणतात, सरकारी भाषेत ती परिचारिका. आता मुलगेही हे काम शिकतात. त्यांना ब्रदर म्हणतात.

पुष्कळ आईबापांना वाटते, आपली लेक नर्स व्हावी. इच्छा चांगली आहे. पण वाट ठाऊक नसली तर घरचा पैसा जातो आणि पोरीची वर्षेही जातात. म्हणून ही वाट नीट समजून घेऊ.

पट कशाला हवा?

शाळेत मुलाचे नाव पटावर असते. नाव पटावर नसेल, तर मूल वर्गात बसले तरी ते शाळेचे नव्हे. नर्सचाही असाच एक पट आहे. आपल्या राज्यात तो महाराष्ट्र परिचर्या परिषद ठेवते. परिषदेची कचेरी मुंबईत आहे. ज्या बाईचे नाव या पटावर, ती कायद्याने नर्स.

कुणी म्हणेल, “काम येतं ना? मग नाव कशाला लावायचं?” त्याचे उत्तर असे. रोगी खाटेवर पडलेला असतो. सुई देणारी बाई शिकलेली आहे की नाही, हे तो कसे ओळखणार? औषध थोडे जास्त गेले तर जीव जातो. म्हणून कुणीतरी आधी पारख करून ठेवावी लागते. पट म्हणजे ती पारख.

पूर्वी अशी पारख नव्हती. रोग्याची सेवा हे कुणीही करावे असे हलके काम मानत. इंग्लंडच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी १८५४ साली लढाईतल्या जखमी शिपायांची सेवा केली. पुढे १८६० साली लंडनमध्ये नर्सची शाळा काढली. आपल्याकडे रमाबाई रानडे यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू केले. तिथल्या बायका ससून इस्पितळात नर्सचे काम शिकल्या. त्यांत विधवा बायकाही होत्या. परक्या माणसाची सेवा करायची म्हणून लोकांनी नावे ठेवली. पण त्या मागे हटल्या नाहीत.

मुंबई इलाख्यात नर्सच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणून तो कायदा इकडे लागू नव्हता. महाराष्ट्र राज्य १९६० साली झाले आणि १९६६ साली साऱ्या राज्याला एकच कायदा आला.

तीन वाटा

नर्स होण्याच्या तीन वाटा आहेत. तिन्हींसाठी बारावी पास व्हावे लागते.

पहिली वाट ए.एन.एम. ही दोन वर्षांची. गावच्या उपकेंद्रात लेकरांना लस टोचणारी, गरोदर बायांना तपासणारी नर्सबाई ही वाट शिकून येते. सपाट मुलखात साधारण पाच हजार लोकांमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारचा नेम आहे.

दुसरी वाट जी.एन.एम. ही तीन वर्षांची. बारावीला कोणतीही शाखा चालते, पण इंग्रजीत पास हवे आणि एकूण निदान ४० टक्के गुण हवेत. परीक्षा राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते.

तिसरी वाट बी.एस्सी. नर्सिंग. ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला विज्ञान लागते आणि प्रवेशासाठी सीईटी परीक्षा द्यावी लागते. पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले.

आधी चौकशी, मग फी

इथे फार सावध राहावे. “सहा महिन्यांत नर्स व्हा,” अशी पाटी कुठे दिसली तर तिथून मागे फिरा. सहा महिन्यांत किंवा वर्षात कुणी नर्स होत नाही. रुग्ण-सहायकाचे छोटे वर्ग असतात. त्या कामालाही मोल आहे. पण तेवढ्या शिक्षणावर नाव नर्सच्या पटावर लागत नाही.

समजा, एका बापाने कापूस विकून फी भरली. पोरगी शिकली, तिला रंगीत दाखलाही मिळाला. पण शाळेला मान्यताच नव्हती. आता तो दाखला घेऊन ती कुठे जाईल? गेलेला पैसा एक वेळ परत कमावता येईल. पोरीची गेलेली वर्षे परत येत नाहीत.

म्हणून फी भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. सरकारची परवानगी आहे का? परिचर्या परिषदेच्या यादीत शाळेचे नाव आहे का? परीक्षा कोण घेणार, मंडळ की विद्यापीठ? तोंडी उत्तरावर जाऊ नका. कागद बघा. आपल्याला वाचता येते ते अशा वेळी उपयोगी पडते. भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. सरकारी शाळेत फी कमी असते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरतात, त्याचीही चौकशी करा.

अभ्यास कसा असतो?

जी.एन.एम. चेच बघू. पहिल्या वर्षी शरीराची रचना, जंतू, माणसाचे मन, प्रथमोपचार आणि रोग्याच्या सेवेचे मूळ धडे. दुसऱ्या वर्षी मोठ्यांचे आजार, शस्त्रक्रिया, लहान मुलांचे आणि मनाचे आजार. तिसऱ्या वर्षी बाळंतपण आणि गावाचे आरोग्य. अर्धे शिकणे वर्गात, अर्धे वॉर्डात. रात्रपाळीही करावी लागते.

खेड्यातल्या पोरीला दोन गोष्टींचे भय वाटते. एक इंग्रजीचे. औषधांची आणि हाडांची नावे इंग्रजीत असतात. रोज दहा शब्द वहीत लिहावे, मोठ्याने म्हणावे. वर्षात तीन हजारांवर शब्द होतात. थेंबे थेंबे तळे साचे.

दुसरे भय हिशेबाचे. पण हा हिशेब बाजारातल्या हिशेबासारखाच आहे. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध लिहिले आणि गोळी ५०० ची आहे. मग अर्धी गोळी द्यायची. सलाईन ५०० मिलिलीटर आहे आणि ते ८ तासांत जायला हवे. ज्या नळीतून एका मिलिलीटरचे २० थेंब पडतात, तिच्यातून एकूण १०,००० थेंब जातील. आठ तासांची मिनिटे ४८०. भागाकार केला की मिनिटाला साधारण २१ थेंब येतात. हा भागाकार चुकला तर नुसते गुण जात नाहीत, रोग्याला त्रास होतो. म्हणून तो रोज गिरवावा.

परीक्षा

अमेरिकेत नर्सची शाळा पास झाली तरी परवान्यासाठी वेगळी परीक्षा असते. आपल्याकडे तशी वेगळी परीक्षा नाही. मंडळाची किंवा विद्यापीठाची परीक्षा पास झाली की नोंदणीचा अर्ज करता येतो. म्हणून हीच परीक्षा पक्की समजावी.

जी.एन.एम. ला लेखी परीक्षेत १०० पैकी ५० गुण लागतात. प्रात्यक्षिकातही अर्धे गुण वेगळे लागतात. लेखीत जास्त पडले म्हणून प्रात्यक्षिकातले कमी गुण चालत नाहीत. परीक्षेला बसायला निदान ८० टक्के हजेरी लागते. वॉर्डातले काम तर पुढे पुरेच भरून द्यावे लागते. तेव्हा घरच्यांनीही ध्यानात ठेवावे. लग्नसराई आली, सुगी आली, म्हणून पोरीला उठसूट घरी बोलावू नये.

एखाद्या विषयात पोरगी नापास झाली तर तिला घरी बसवू नका. त्या विषयाची परीक्षा पुन्हा देता येते. एका पेपरासाठी तीन वर्षांचे शिकणे वाया घालवू नये.

पास झाल्यावर

निकाल लागला, पेढे वाटले. बाप म्हणतो, “झालं, पोरगी नर्स झाली.” अजून एक पायरी आहे. गुणपत्रके, दाखले आणि फी यांसह परिषदेकडे नोंदणीचा अर्ज करायचा. कागद तपासून परिषद नाव पटावर घेते आणि नोंदणी क्रमांक देते. जी.एन.एम. झालेल्या मुलीची नोंद नर्स आणि सुईण अशी दोन्ही होते. नोकरीला गेले की हा क्रमांक विचारतात. दर पाच वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

संसदेने २०२३ साली या शिक्षणासाठी नवा राष्ट्रीय कायदा केला आहे. त्यामुळे काही नियम बदलू शकतात. अर्ज भरण्याआधी चालू वर्षाचे नियम विचारून घ्यावे.

नर्सचे काम कष्टाचे आहे. सणावाराला घर सोडून वॉर्डात उभे राहावे लागते. पण कुणाची माय, कुणाचे लेकरू तिच्या हातून बरे होऊन घरी जाते. तो हात शिकलेला असावा आणि त्या हाताचे नाव पटावर असावे. तुमच्या घरात बारावीची मुलगी असेल तर हा धडा तिला वाचून दाखवा. मग दोघे मिळून चौकशीला निघा.