विज्ञानमंडळ एका दिवसापुरतेच?

२८ फेब्रुवारी १९२८ रोजी रामन परिणामाचा शोध लागला. रामन १९०७ साली सरकारी नोकरी सांभाळून, फावल्या वेळी कलकत्त्याच्या एका विज्ञानसंस्थेत प्रयोग करू लागले होते. आमच्या कित्येक महाविद्यालयांतील विज्ञानमंडळे मात्र त्या दिनाचे भाषण व हारतुरे उरकून वर्षभर निद्रिस्त होतात. चिटणीस पदवी घेऊन गेला की मंडळही विसर्जित!

उपाय खर्चिक नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. मांडवीच्या तीरावर खुणेची काठी रोवून विद्यार्थ्यांनी हे स्वतः पडताळावे व नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती सोपवावी. प्राध्यापकांनी वाट दाखवावी, कारभार मुलांकडेच ठेवावा. स्वतः मोजून पाहण्याची सवय जडली नाही, तर विज्ञानाची पदवी हेही पोथीचे पारायणच ठरेल, असे आम्हांस वाटते.