एकमत झालं, म्हणजे निवड बरोबर झाली का?

पालीला येताना बिंदुसरेचं धरण लागतं, म्हणून उदाहरण इथलंच घेऊ. समजा, या धरणातला गाळ आणि आसपासच्या विहिरींचं पाणी यांवर संशोधन करायला बीडच्या एका तरुण प्राध्यापिकेनं अनुदान मागितलं. अर्ज समितीपुढे गेला. पुढे काय होतं?

बऱ्याच समित्यांत दोन-तीन सदस्य अर्ज बारकाईनं वाचून येतात आणि आधी तेच बोलतात. बाकीचे ऐकतात. त्यातल्या ज्येष्ठांनी सुरुवातीलाच म्हटलं, 'विषय फारच स्थानिक वाटतो', की ज्याला अर्ज आवडला होता तोही मनातले गुण कमी करतो. कुणी दबाव टाकलेला नसतो बरं का! ग्रामसभेत वजनदार माणसानं आधी हात वर केला की काय होतं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत संशोधकांनी हे तपासून पाहिलं. तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या धर्तीवर चार समित्या बसवल्या आणि बैठकांचं चित्रीकरण केलं. 2017 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चर्चेनंतर एका समितीतल्या सदस्यांचे गुण जवळजवळ आले. पण त्याच अर्जाला वेगवेगळ्या समित्यांनी दिलेल्या गुणांतलं अंतर मात्र वाढलं! म्हणजे एकमत झालं, पण ते त्या खोलीपुरतं.

स्वीडनचा अनुभव याहून बोलका आहे. वेनेरोस आणि वोल्ड या दोन संशोधिकांनी 1997 साली तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचे गुण तपासले. अर्जदार ओळखीचा असेल तर तो सदस्य नियमाप्रमाणे गुण देत नसे. तरीही सहकाऱ्याच्या ओळखीतल्या अर्जदाराला बाकीचेच झुकतं माप देत होते. बायकांना पुरुषांइतके गुण मिळवायला कितीतरी जास्त काम दाखवावं लागत होतं.

मग चर्चाच नको का? तसं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावात अभ्यास गट विषय समजून घेतो, निर्णय ग्रामसभा घेते. समजून घेणं आणि ठरवणं यांत अंतर ठेवलं की विचाराला जागा मिळते. समितीतही प्रत्येकानं बैठकीआधी आपले गुण आणि कारण लिहून द्यावं. बैठकीत सर्वांत कनिष्ठ सदस्यानं आधी बोलावं. नंतर गुण बदलायचे तर खुशाल बदलावेत, पण का बदलले, ते लिहावं.

पैसा जनतेचा आहे. त्या प्राध्यापिकेला नकार मिळाला तरी चालेल. पण तो तिचा अर्ज वाचून मिळावा, कुणाच्या तोंडाकडे बघून नव्हे.