अटक झाली, पुढे चोवीस तास

सोलापुरात ‘सेटलमेंट’ म्हटले की रिक्षावाला बरोबर नेऊन सोडतो. हे नाव कशावरून पडले, हे मात्र आपल्या मंडळीतील तरुणांना क्वचितच ठाऊक असते. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. १९११ पासून तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. पारधी, कैकाडी, भामटा, कंजारभाट अशांना येथे तारेच्या कुंपणात ठेवून त्यांची हजेरी घेतली जाई. या वसाहतीचा कारभार काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होता. तेथील शाळेविषयी आपण अभिमानाने बोलतो. पण त्या मुलांच्या आईबापांना परवानगीशिवाय बाहेर जाता येत नव्हते, हेही सांगितले पाहिजे.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. संशय राहिलाच. पारध्यांच्या पालांवर गेले की आजही हेच ऐकू येते : “बाई, पोराला रात्री उचललं. कुठं नेलं ठावं न्हाई.” अशा वेळी आधी प्रार्थना करावी, आणि लगेच घड्याळ पाहावे. का, ते सांगते.

राज्यघटनेचे कलम २२ सांगते की अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण कळवले पाहिजे, त्याला आपल्या पसंतीचा वकील गाठता आला पाहिजे आणि चोवीस तासांच्या आत त्याला दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले पाहिजे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळतात. (प्रतिबंधक स्थानबद्धतेचे नियम वेगळे आहेत.) ‘नुसती चौकशी’ म्हणून दोन-दोन दिवस कोणालाही बसवून ठेवता येत नाही.

अटकेचा कागदही करावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ते बंधनकारक केले. आता ते कायद्यातच आहे. त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातील प्रतिष्ठित व्यक्तीची साक्ष लागते. ही प्रतिष्ठित व्यक्ती आपले पाळक किंवा शाळेचे गुरुजी का असू नयेत? पालावर नातलग अनेकदा भीतीने पुढे येत नाहीत.

वकिलाचे पैसे कोठून आणायचे, हा प्रश्न हमखास येतो. येथे जातीच्या दाखल्याचा गोंधळ होतो. फासेपारधी अनुसूचित जमातीत आहेत, राजपारधी विमुक्त जातीत. कैकाडी विदर्भातील काही जिल्ह्यांत अनुसूचित जातीत मोडतात, सोलापुरात मात्र विमुक्त. मोफत वकिलाचा हक्क अनुसूचित जाती-जमातींना जातीवरून मिळतो, विमुक्तांना तसा मिळत नाही. पण १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीतील कोणीही, जात कोणतीही असो, त्याला पात्र आहेत. म्हणून दाखला शोधत बसू नये. सरळ जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा किंवा १५१०० वर फोन करावा.

३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्तांना ‘सराईत गुन्हेगार’ समजण्याच्या प्रथेवरही कडक शब्दांत बोट ठेवले. हा निकाल पालापर्यंत अजून पोहोचलेला नाही. पुढच्या महिन्यापासून आमच्या साक्षरता वर्गात अक्षरओळखीबरोबर दोन गोष्टी पाठ करून घेणार आहोत : अटकेची वेळ लक्षात ठेवणे आणि १५१०० हा क्रमांक.